खुंटीवरची माणसं

“मेलेल्यांचे कप आता काढावे लागतील,” खजिनदारबाई म्हणाल्या, आणि सभेला बसलेल्या प्रत्येकाने नकळत आपापल्या कपात डोकावून पाहिलं.

सभा चर्चमागच्या हॉलमध्ये चालू होती. समोर विषय होते ओढ्याची सफाई, त्यानंतर इस्पितळाजवळच्या निवाऱ्याच्या मदतीसाठी चहापान, आणि खुंट्या. पहिल्या दोहोंवर कोणाचंच दुमत नव्हतं, त्यामुळे त्यांच्यावर भरपूर चर्चा झाली. खुंट्यांचा विषय खरोखर अडचणीचा होता, म्हणून तो लोक उठायला लागल्यावर निघाला.

“काढायचे म्हणजे?” तरुण पाळकसाहेबांनी विचारलं.

“काढायचे म्हणजे काढायचे. खुंटी जिवंत माणसाला असते. गेलेल्यांची वर सोय झालेली आहे, असं आपणच दर रविवारी सांगता.”

बाईंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं होतं. त्यांच्यापुढे परलोकही दोन ओळींत सुटत असे. पाळकसाहेब गप्प झाले. मागच्या बाकावर बसलेले ब्रेकमामा तर आधीपासूनच गप्प होते, पण ते नेहमीच गप्प असल्यामुळे ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

ब्रेकमामांची सगळी नोकरी बस डेपोत गेली, गाड्यांचे ब्रेक तपासण्यात. नाव त्यावरून पडलं आणि स्वभावामुळे टिकलं. कुठलीही नवी कल्पना निघाली की मामा ‘बघू’ म्हणायचे, आणि त्यांच्या ‘बघू’ने उतारावरची गाडीसुद्धा जागच्या जागी थांबायची. त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी माणसंही त्यांना मामाच म्हणायची. त्या नात्याने त्यांची बायको सगळ्या मंडळीची मामी झाली होती, आणि तिने ते नातं मामांपेक्षा जास्त मनावर घेतलं होतं.

आता खुंट्यांबद्दल सांगायला हवं.

पूर्वी आमच्याकडे उपासनेनंतरचा चहा कागदी कपांतून व्हायचा. चहा पिऊन झाला की कप डब्यात टाकायचा, डबा भरला की डब्याशेजारी, आणि वारा सुटला की उरलेलं काम वारा करायचा. चर्चच्या मागे ओढा आहे. त्या ओढ्याने आमचे इतके कप पाहिले होते की उपासनेला किती लोक आले हे त्याला पाळकांपेक्षा आधी कळत असे. मग हे नवे पाळकसाहेब आले. एका शनिवारी ते स्वतः ओढ्यात उतरले, पोतं भरून कप गोळा केले आणि रविवारी ते पोतं व्यासपीठाशेजारी ठेवून सृष्टीच्या जपणुकीवर प्रवचनाला उभे राहिले. पोत्याला जुन्या दुधाचा वास होता. त्यामुळे प्रवचन आटोपशीर झालं आणि सगळ्यांना एकमताने पटलं. ठरलं ते असं, की प्रत्येकाने घरून आपला एक कप आणायचा आणि तो हॉलमध्येच टांगून ठेवायचा. मंडळीतल्या सुताराने लांब फळ्या तासल्या, त्यांत खुंट्या ठोकल्या आणि मजुरी घ्यायला नकार दिला.

‘घरातला एक कप आणा’ असं सांगितल्यावर माणूस कोणता कप आणतो, हे पाहण्यासारखं असतं. टवका उडालेले कप आले, जोडीदार फुटल्यामुळे एकटे पडलेले आले, औषधकंपन्यांची जाहिरात असलेले आले. सासूने हौसेने दिलेले आणि सुनेने तितक्याच हौसेने घराबाहेर काढलेले तर पुष्कळ आले. मामांनी टायरच्या दुकानातून फुकट मिळालेला एक हिरवा कप आणला. त्याच्या काठाची एक कपची गेलेली होती, ती बाजू भिंतीकडे करून त्यांनी तो टांगला.

मामींनी मात्र लग्नातल्या सेटमधला कप काढला. पांढरा, काठाला बारीक निळी रेघ. काचेच्या कपाटातून तो सेट वर्षातून दोनदा बाहेर येई, तोही पुसायला. मामांनी त्या दिवशी ‘बघू’ म्हणून पाहिलं. मामी म्हणाल्या, देवाच्या घरी न्यायचं ते चांगलं न्यावं. सहाचे पाच राहतील, असं मामांनी निदर्शनास आणलं. सहा पाहुणे आले तर काय करायचं?

“सहा आले तर सहाव्याला माझा कप द्यायचा, आणि तुम्ही नंतर प्यायचं,” मामी म्हणाल्या. “पाहुण्यांच्या आधी प्यायलात तर बघा.”

घरात एकदम पाच पाहुणेसुद्धा कधी आले नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण तत्त्व ठरून गेलं.

दुसरं तत्त्व असं ठरलं होतं की ज्याने त्याने आपला कप आपण धुवायचा. ते तीन रविवार टिकलं. चौथ्या रविवारपासून कप महिला मंडळाच्या गळ्यात पडले, आणि महिला मंडळ धुताना जे बोलायचं ते प्रार्थनेच्या पुस्तकात नव्हतं. असं वर्षभर चाललं. मग मामी गेल्या. साधं तापाचं निमित्त झालं. त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मामांनी उपासना संपल्यावर बाह्या दुमडल्या आणि ते हॉलमधल्या मोरीशी जाऊन उभे राहिले. महिला मंडळाने त्यांना जागा करून दिली आणि पुन्हा मागितली नाही.

ज्यांना मामांचं घर माहीत होतं त्यांना याचं फार नवल वाटलं. मामींनी संसारभर एकच गाऱ्हाणं केलं होतं. मामा चहा प्यायचे आणि कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून निघून जायचे. तिथे त्याच्या तळाशी चहाचं वर्तुळ वाळायचं. “लोकांच्या गाड्यांचे ब्रेक बघतात, पण कप विसळायचा म्हटलं की यांचाच ब्रेक लागतो,” असं मामी चारचौघांत सांगायच्या. मामा ऐकून हसायचे आणि कप कट्ट्यावर ठेवायचे.

आता हाच माणूस दर रविवारी मंडळीचे सगळे कप सोड्याने घासत होता. सगळे म्हणजे सगळे, ज्यांतून कोणीच चहा प्यायलं नव्हतं तेही. सुतार गेला होता, त्याचा कप त्यानेच ठोकलेल्या खुंटीवर होता. पोस्टमन गेला होता. खजिनदारबाईंची थोरली बहीण, जी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, ती गेली होती. कोणाच्याही घरच्यांनी कप नेला नव्हता. न्यावा असं कोणाला सुचलं नव्हतं, किंवा सुचलं तरी हात झाला नव्हता. मामा ते कप उतरवायचे, धुवायचे, पुसायचे आणि परत टांगायचे. मामींचाही त्यातच. एकदा पाळकसाहेबांनी विचारलं, मामा, हे तर स्वच्छच आहेत. मामा म्हणाले, धूळ बसते.

आणि आता खुंट्या संपल्या होत्या. गावाच्या टोकाला नव्या इमारती झाल्या, तिथून कुटुंबं येऊ लागली. त्यांचे कप एका खोक्यात गुण्यागोविंदाने पडून होते. चौथ्या भिंतीवर नवी फळी मारता आली असती, पण तिथे एक संगमरवरी पाटी आहे. हॉलला पंखे देणाऱ्यांची नावं तिच्यावर कोरलेली आहेत. त्यातले दोन पंखे बंद असले तरी नावं चालू आहेत, आणि त्या नावांची नातवंडं कमिटीवर आहेत. त्यामुळे खजिनदारबाईंचं गणित बिनतोड होतं.

काम अर्थातच मामांकडे आलं. घरोघर जाऊन सांगायचं, की कप घेऊन जा, नाहीतर आम्ही पेटीत ठेवतो.

“तुम्ही त्यांना सगळ्यांत जवळून ओळखता,” पाळकसाहेब म्हणाले.

“कपांना का माणसांना?”

“दोघांनाही.”

मामा ‘बघू’ म्हणाले, पण या वेळी गाडी थांबली नाही.

आठवडाभर मामा संध्याकाळी फिरले. पोस्टमनच्या मुलाने दारातच सांगितलं की घरात ठेवायला जागा नाही, आणि मग मामांना आत बसवून तासभर वडिलांच्या गोष्टी सांगितल्या. सुताराच्या बायकोने विचारलं, कप काढला तर खुंटी पण काढणार का? खुंटी राहील म्हटल्यावर तिचं समाधान झालं. कप कोणालाही द्या, म्हणाली, त्याला चहापेक्षा लाकडाचंच वेड होतं. एका घरात तर सुनेने कप ओळखलाच नाही, आणि सासऱ्यांनी ओळखला पण सुनेसमोर तसं म्हणाले नाहीत.

खजिनदारबाई राहतात त्या घराच्या दारावर अजूनही दोघी बहिणींची पाटी आहे. बाईंनी दार अर्धंच उघडलं. नियम मीच केलाय, मला कशाला सांगायला आलात, पेटीत टाका, असं म्हणून दार लावलं. मामा दोन पायऱ्या उतरले तेवढ्यात दार पुन्हा उघडलं.

“दर रविवारी धुता ना?”

“धुतो.”

“सोड्याने?”

“सोड्यानेच.”

“मग ठीक आहे,” बाई म्हणाल्या. या वेळी दार सावकाश लागलं.

शेवटचं घर मामांचं स्वतःचंच होतं. तिथे ज्या माणसाशी बोलायचं होतं तेच गेलं होतं, म्हणून त्या घरी काय ठरलं ते कोणाला कळलं नाही. मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहायची. ती म्हणाली होती, बाबा, आईचा कप मला द्या, मी कपाटात ठेवीन. मामांनी ऐकून घेतलं. कपाटात तो कप वर्षातून दोनदा पुसला जाईल हे त्यांना दिसत होतं. इथे हॉलमध्ये दर रविवारी त्याला पाणी लागत होतं.

शनिवारी त्यांनी हॉल उघडला आणि गेलेल्यांचे कप एकेक करून पेटीत ठेवले. सभेत ठरले तेवढे कप पेटीत भरले, तेवढ्या खुंट्या मोकळ्या झाल्या, नव्या लोकांचे कप तिथे लागले. बाईंनी येऊन खुंट्या पाहिल्या, पेटी पाहिली, मान डोलावली. सगळं जुळत होतं. फरक एवढाच होता की पेटीत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, टायरच्या जाहिरातीचा हिरवा कप होता. आणि मामांच्या खुंटीवर निळ्या रेघेचा. त्या हिशेबाने मामा वारले होते आणि मामी हयात होत्या.

खुंट्यांवर नावं नव्हती. ज्याला त्याला आपली खुंटी ठाऊक, दुसऱ्याच्या कपाकडे कोण बघतो? मामा हॉलमध्ये चहा घेईनासे झाले, एवढाच काय तो बदल. मुलीने विचारलं तर म्हणाले, पित्त होतं. मुलगी म्हणाली, घरी नाही होत ते? मामा म्हणाले, रविवारचं होतं.

ओढ्याच्या सफाईचा दिवस उजाडला तो स्वच्छ उन्हाचा. दरवर्षी या कामाला आमच्यातलेच काही जण यायचे आणि ओढ्यापेक्षा एकमेकांचे फोटो जास्त काढायचे. यंदा पाळकसाहेबांनी आजूबाजूच्या वस्तीत स्वतः जाऊन आमंत्रण दिलं होतं. इस्पितळाजवळच्या निवाऱ्यातही सांगून आले होते. बाहेरगावच्या रुग्णांचे नातेवाईक तिथे रात्री पाठ टेकतात. चहापानाला येणाऱ्यांनी डब्यात जमेल ते टाकायचं आणि त्यातून निवाऱ्याला गाद्या घ्यायच्या, असा बेत होता. ज्यांच्यासाठी गाद्या घ्यायच्या त्यांनाच ओढ्यात उतरवायचं हे खजिनदारबाईंना प्रशस्त वाटलं नव्हतं. पाळकसाहेब म्हणाले, अहो, ते लोक दिवसभर इस्पितळाच्या भिंतीला टेकून असतात, त्यांना जरा पाण्यात उभं राहू द्या.

आणि लोक आले. दूधवाला आला, टॅक्सीवाले आले, नव्या इमारतीतले जोडीजोडीने आले, निवाऱ्यातली निम्मी माणसं आली. ओढ्यातून चपला निघाल्या, एक सायकलचं हँडल निघालं, सबंध खुर्ची निघाली. तिच्यावर पाळकसाहेब बसून पाहात असताना ती मोडली, आणि तिथून पुढे कोणालाच कोणाची ओळख करून द्यावी लागली नाही. आमचे जुने कागदी कप अजून निघत होते. मामा काठावर उभे राहून पोती घेत होते. निवाऱ्यातली एक बाई सकाळपासून वाकून काम करत होती, एकटीच, एका कडेला. पदर खोचलेला, पाय पोटरीपर्यंत चिखलात. दोनदा तिच्या हातचं पोतं मामांनी वर ओढून घेतलं, दोन्ही वेळा ते गळ्याशी नीट आवळून बांधलेलं होतं.

घोळ झाला तो चहाच्या वेळी. माणसं हॉलमध्ये मावेनात आणि कप पुरेनात. मंडळीतल्यांनी आपापले कप पाहुण्यांना दिले, तरी रांग दारापर्यंत होती. भिंतीवर मोठ्या अक्षरांत कापडी फलक होता, ‘एकही कागदी कप नाही’. त्याच्याच खाली उभं राहून खजिनदारबाईंनी पर्स उघडली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात कोणाला पाठवता येईल ते पाहू लागल्या. पाळकसाहेबांचा चेहरा ओढ्यातून निघालेल्या खुर्चीसारखा झाला.

मामा जिन्याखाली गेले आणि पेटी घेऊन आले.

“मामा,” बाई हळू आवाजात म्हणाल्या, “ते कप—”

“धुतलेलेच आहेत,” मामा म्हणाले.

बाईंनी पर्स बंद केली. मुलीने वर्तमानपत्रं सोडवली, पाळकसाहेबांनी किटली धरली, आणि पुष्कळ दिवसांनी त्या कपांत चहा पडला. आमच्यातल्या जुन्या माणसांचा आवाज थोडा वेळ खाली आला. सुताराचा कप एका टॅक्सीवाल्याकडे गेला, तो कप घेऊन नेमका फळीला टेकून उभा राहिला आणि चहा पिता पिता बोटाने खुंटी हलवून बघू लागला, पक्की आहे का. सुताराची बायको बघत होती. तिने शेजारणीला कोपराने ढोसलं आणि दोघी हसल्या. ऑर्गन वाजवणाऱ्या बहिणीचा नाजूक कप दूधवाल्याच्या पंजात गेला. हयातभर त्या कपातून चहा पिताना कोणी आवाज ऐकला नव्हता. दूधवाल्याने पहिला घोट घेतला तो हॉलच्या दोन्ही टोकांना ऐकू गेला. खजिनदारबाई त्याच्याकडे टक लावून पाहात राहिल्या. मग उठून त्याच्या हातावर आणखी दोन बिस्किटं ठेवून आल्या.

तेवढ्यात मुलगी मामांजवळ आली.

“बाबा, त्या चष्मेवाल्याच्या हातात तुमचा कप आहे. हिरवा.”

“असेल.”

“तो पेटीत होता. मी स्वतः कागद काढला.”

मामांनी किटलीवरचं झाकण उचललं, आत पाहिलं, परत ठेवलं. मुलीने भिंतीवर त्यांच्या खुंटीकडे पाहिलं. सगळ्या फळ्या रिकाम्या झाल्या होत्या, तेवढी एक खुंटी सोडून. तिने वडिलांच्या शर्टाची दुमडलेली बाही, जी मुळातच नीट होती, ती आणखी एकदा नीट केली.

रांग संपत आली. पेटी रिकामी झाली. रांगेत सगळ्यांत शेवटी ती ओढ्यातली बाई होती. हातपाय धुऊन आली होती. टेबलावर कप नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि अशा वेळी माणसं जे बोलतात तेच ती बोलली. मला नको, मी तशी चहा घेत नाही फारशी. आणि जायला वळली.

मुलगी मामांकडे बघत होती. खजिनदारबाईही बघत होत्या. मामा मात्र कोणाकडेच बघत नव्हते. डेपोत ते गाडी तपासताना कान लावून उभे राहायचे तसे उभे होते. मग म्हणाले,

“थांबा हो. आहे एक.”

ते भिंतीपाशी गेले, पांढरा कप उतरवला, आतून बाहेरून स्वच्छ असलेला तो कप एकदा शर्टाच्या टोकाने पुसला आणि टेबलावर ठेवला. चहा त्यांनी स्वतः ओतला. निळ्या रेघेच्या बोटभर खाली थांबले.

“किती छान कप आहे,” ती म्हणाली. “मला कशाला इतका चांगला? कोणाचा आहे?”

“घरचाच आहे,” मामा म्हणाले. “पाहुण्यांसाठीचा.”

ती कप दोन्ही हातांत धरून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली. उन्हाला पाठ करून.

इथून पुढचा वेळ मामांना कसा गेला हे ज्याने स्वतःची नवी गाडी दुसऱ्याला चालवायला दिली असेल त्याने समजून घ्यावं. ते कप धुवायला लागले. चार कप धुतले आणि दारात उगीच चटई झटकायला गेले. ती बाई फुंकर मारत पीत होती. आणखी काही कप धुतले आणि पायरीवरचं पान उचलायला गेले. या वेळी ती बोलली. नवरा इस्पितळात आहे, म्हणाली, खिडकीजवळची खाट मिळाली आहे, तेवढं बरं झालं. इकडे आल्यापासून चहा पेल्यातूनच घ्यायचा, पेला तापतो, गार व्हायची वाट बघावी तर आतून कोणी हाक मारतं. कपातून असा बसून चहा किती दिवसांनी घेतला. मामा म्हणाले, घ्या सावकाश. हे तोंडातून गेल्यावर त्यांना दिसलं की ती ते अगदी शब्दशः घेणार आहे.

तिसऱ्यांदा मामा गेले तेव्हा ती खांबाला डोकं टेकून झोपली होती. कप मांडीवर होता, दोन्ही हातांच्या मध्ये, अर्धा भरलेला.

मुलगीही मागोमाग आली. “बाबा, पडेल तो. मी हळूच काढून घेते.”

“नको. जागी होईल.”

“फुटला तर?”

मामांनी ‘बघू’ म्हटलं नाही. म्हणाले, “झोपू दे तिला.” आणि आत जाऊन दारात पुढे-मागे होणाऱ्या लोकांना ते बाजूच्या दाराने पाठवू लागले. टॅक्सीवाल्यांना त्यांनी गाड्या ढकलत फाटकापर्यंत न्यायला लावल्या आणि तिथेच चालू करायला सांगितल्या. टॅक्सीवाल्यांनी का असं विचारलं नाही. ब्रेकमामा गाडीबद्दल काही सांगतायत म्हणजे कारण असणार.

हॉल रिकामा झाला. पाळकसाहेब गाद्यांच्या डब्याला कुलूप लावून, ओढ्यातल्या चिखलाचे पाय घेऊन घरी गेले. मुलगी बाकं लावत होती. खजिनदारबाई मोरीशी आल्या आणि फडकं घेऊन मामा धुतील तो कप पुसू लागल्या. आजपर्यंत त्यांनी मोरीला हात लावला नव्हता. बहिणीचा कप हातात आला तेव्हा बाईंनी तो जरा जास्त वेळ पुसला. दूधवाल्याने दांडीला साय लावून ठेवली होती.

शेवटचा कप धुऊन झाला तेव्हा मामांनी हात पुसले आणि बाहेर गेले. पायरीवर कोणी नव्हतं. खांबापाशी, जिथे कोणाचा पाय लागणार नाही अशा कोपऱ्यात, कप ठेवला होता. आत माशी पडू नये म्हणून त्याच्यावर एक रुंद पान झाकलं होतं, आणि पान उडू नये म्हणून पानावर एक खडा.

मामा तिथेच पायरीवर बसले. पान बाजूला केलं. चहा संपलेला होता. तळाशी चहाचं वर्तुळ धरलं होतं, निळ्या रेघेच्या आत एका बाजूला ओठ लागल्याची खूण होती, आणि बिस्किटाचा थोडा चुरा. दोन वर्षं दर रविवारी त्यांनी हा कप धुतला होता. आज पहिल्यांदा तो धुवावा लागणार होता.

ते आत आले, मोरीशी उभे राहिले. वर्तुळ वाळलं होतं, ते एका पाण्यात निघालं नाही. त्यांनी बोटाला सोडा घेतला आणि तळ गोल गोल घासला, घाई न करता. मुलीने बाक लावायचं थांबवलं होतं. पाणी स्वच्छ यायला लागलं तेव्हा मामांनी कप झटकला आणि बाईंच्या हातात दिला.

बाईंनी तो पुसला. भिंतीकडे पाहिलं.

“हा खुंटीला ना?”

“नको,” मामा म्हणाले. “पेटीतल्यांबरोबर ठेवा. पाहुण्यांना लागतील ते.”

बाईंनी टेबलावरच्या मोठ्या ताटात, सुताराच्या आणि स्वतःच्या बहिणीच्या कपांच्या मध्ये जागा केली आणि तो पालथा घातला. मग फडकं वाळत टाकता टाकता, मागे न बघता म्हणाल्या, “हिरवा मी मघाशीच तुमच्या खुंटीला लावलाय. दोन महिने बघत होते, कधी लावताय ते.”

मामांनी पाहिलं. हिरवा कप जागेवर होता, कपची गेलेली बाजू भिंतीकडे करून.

मुलीने किटली हलवून पाहिली. तळाशी थोडा चहा होता. “गार झालाय,” ती म्हणाली, “गरम करू?”

“असू दे,” मामा म्हणाले. “पाहुण्यांचे चहा झाले ना सगळ्यांचे?”

“झाले.”

मामांनी खुंटीवरचा कप उतरवून पुढे केला. खिडकीशी उभे राहून ते गार चहा प्यायले. बाहेर ओढ्याचं पाणी अजून गढूळच होतं, पण वाहताना दिसत होतं. चहा संपला तसा त्यांनी कप कट्ट्यावर ठेवला आणि बाह्या खाली करत दाराकडे निघाले. दारात पोहोचल्यावर थांबले.

मामा परत आले, कट्ट्यावरचा कप उचलला, आणि नळ सोडला.